हिरवा की निळा, कुसुम?

कुसुम, ये. आधी इकडे ये, माझ्याजवळ बस. तिकडे दाराशी उभी राहू नकोस, निघायची घाई असल्यासारखी. तुझी ही सवयच वाईट. भांडण रंगात आलं की उठायचं, "वहिनी, मी जरा टेकते" म्हणायचं आणि आतल्या खोलीत निघून जायचं. एरवी मी काही म्हणत नव्हते. जाऊ दे, सकाळी चहाला पुन्हा सुरू करू म्हणायचे. पण अशी कोणी जातं का ग? तीन महिने चाललेला वाद अर्ध्यात टाकून? हिरवा घ्यायचा की निळा, एवढं तरी सांगून जायचंस.

दुसरं कोणी हे वाचलं तर म्हणेल, दोन म्हाताऱ्या साडीच्या रंगावरून भांडत होत्या. साडीवरून आपण नणंद-भावजया कधी भांडलो नाही. तू माझ्या साड्या न विचारता नेसायचीस, मी तुझे स्वेटर घालायचे. आपलं भांडण होतं टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरून. एक कंपनी ते निळ्या खोक्यात विकते, दुसरी हिरव्या खोक्यात. नावं इंग्रजी, माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून आपण रंगच धरले. एकावर खेळून जमवलेलं दुसऱ्यावर नेता येत नाही, एकाचा खेळ दुसऱ्याकडे असेलच असं नाही. एक घेतला की दुसऱ्याला मुकायचं. दोन्ही आणले असते तर गल्लीने आपल्याला वेड्यात काढलं असतं. तसं थोडंफार काढलंच होतं म्हणा.

तुला जाऊन महिना होऊन गेला. तेराव्याला जमलेली माणसं तेव्हाच पांगली. अमोल आठ दिवस जास्त राहिला, "आई, बंगळूरला चल" म्हणत राहिला, मी नाही म्हटलं, मग तोही गेला. त्याची सुट्टी किती दिवस पुरणार? आता घरात मी आणि फ्रिजचा आवाज. सकाळी अजून दोन कप पाणी ठेवते चहाला. उकळी आली की लक्षात येतं. मग ओतून देत नाही, दोन्ही कप मीच पिते, आणि दिवसभर छातीत जळजळ होते. घे, हेही तुझ्यामुळेच.

सगळं सुरू तूच केलंस. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालीस, त्याच वर्षी तुझे दादा गेले आणि तू क्वार्टर सोडून माझ्याकडे आलीस, दोन बॅगा आणि हत्यारांचा एक लोखंडी डबा घेऊन. कपडे कमी, पाने-पेचकस जास्त. दुसऱ्याच दिवशी शोकेसमधल्या अमोलच्या जुन्या यंत्रावरचा विणलेला रुमाल उचललास.

"हे बंद का ठेवलंय?"

"अमोलचं आहे. तो शिकत असताना खेळायचा. आपल्याला काय करायचंय?"

"चालतं का?"

"मला काय माहीत? मी पुसते फक्त."

तासाभरात तू ते टीव्हीला जोडलंस. तो खेळायचा रिमोट माझ्या हातात दिलास, मी रिमोट म्हटलं की तू दरवेळी म्हणायचीस, "कंट्रोलर म्हण ग," आणि मी दरवेळी रिमोटच म्हणायचे. पहिले पंधरा दिवस माझा माणूस भिंतीला धडका देत होता. तू ओरडायचीस, "अंगठ्याने ढकल वहिनी, अख्खा हात कशाला हलवतेस? खुरपं धरलंयस का?"

आणि मग तू तो शेतीचा खेळ शोधून आणलास. खोटं कशाला बोलू, तो तू माझ्यासाठी आणलास. मखमलाबादची आपली दीड एकर, जिथे मी लग्न होऊन आले तेव्हापासून गुलाब आणि झेंडू काढला, तिथे आता सात मजले उभे आहेत. तिकडून रिक्षा गेली की मी मान दुसरीकडे वळवायचे, हे तू बघितलं असणार. खेळाची चकती आणलीस आणि म्हणालीस, "बस. नांगर धर."

टीव्हीचे दोन भाग व्हायचे, डावा माझा, उजवा तुझा. माझ्या वाफ्यात कोबी, भोपळे, सूर्यफुलं. तुझ्या वाट्याला तळ्याकाठी एक झोपडी, आणि तू कायम तळ्यावर गळ टाकून बसलेली. चार वर्षं, कुसुम. चार वर्षं मी तुझ्या वाटणीचं पाणी घातलं.

मे महिन्यातली ती दुपार आठवते? खिडक्या उघड्या होत्या आणि मी ओरडत होते, "अग कोबी काढून घे, उद्यापासून हिवाळा!"

"तूच काढ. मी मासे धरतेय."

"मासे धरतेस! भोपळ्याला पाणी कोण घालणार?"

"दादाने तुझ्या हाताखाली इतके दिवस कसे काढले असतील ग!"

दुसऱ्या दिवशी समोरच्या पाटीलबाई आल्या, जरा लाजत, जरा रागावून. "कुठे घेतली हो नवी जमीन? बोलला नाहीत." मला हसू आवरेना. तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "टीव्हीत घेतली," म्हणालीस. "सातबारा अजून व्हायचाय."

पाटीलबाई तुझं तेरावं झाल्यावर येऊन गेल्या. बसल्या थोडा वेळ. बंद टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "आता आवाज येत नाही तुमच्या घरातून." आणि डोळ्याला पदर लावला. मी त्यांना पाणी दिलं. मला रडू आलं नाही. तुला म्हणून सांगते, तोपर्यंत मला एकदाही नीट रडू आलं नव्हतं. तुझ्याशी एक बोलायचं राहिलंय.

ते दसऱ्याचं.

आपल्या घरात दसऱ्याला अवजारं पुजायची पद्धत. जमीन होती तेव्हा ओसरीवर रांग लागायची, खुरपी, विळे, गुलाब छाटायच्या कात्र्या, फवारणीचा पंप. जमीन गेली, पद्धत राहिली. मग रांगेत मिक्सर आला, शिलाई मशीन आलं, तुझी स्कूटर दाराशी, आणि तुझ्या कारखान्यातलं ते मोजायचं स्टीलचं माप, ज्याला मी एरवी हात लावलेला तुला खपत नव्हतं. ह्या गेल्या दसऱ्याला माझ्या मनात आलं, खेळाचं यंत्रही राबतंच की आपल्यासाठी. त्यालाही पाटावर मांडलं. तू अंघोळीला गेली होतीस. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि अक्षता. माझा हात तुला माहीत आहे, त्याला चिमूटभर काही जमतच नाही. चकती घालायच्या त्या फटीत लाल तांदूळ पटापट आत गेले, टपालपेटीत पत्रं जातात तसे. मी डोळ्यांनी बघितलं. यंत्र उभं धरून हलवलं. दोन दाणे बाहेर आले, बाकीचे आले नाहीत. तेवढ्यात न्हाणीच्या दाराची कडी वाजली. मी यंत्र पुन्हा पाटावर ठेवलं आणि उदबत्ती ओवाळायला लागले.

संध्याकाळी आपट्याची पानं देऊन लोक गेले आणि तू चकती घातलीस. आत खर्र झालं, चकती बाहेर. पुन्हा घातलीस, पुन्हा खर्र. मग जळका वास. तू बटण बंद केलंस, खाली बसलीस आणि म्हणालीस, "माझंच चुकलं. सकाळी ब्रशने पुसलं ना, ब्रशचा केस गेला असेल आत."

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. एक शब्द. तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाई ग, ब्रश नव्हे, माझे तांदूळ. पण एकतीस वर्षं तू विमानाच्या सुट्या भागांची तपासणी केलेलीस, केसाएवढी चूक दिसली की भाग बाजूला काढणारी. तुझ्यापुढे मला अडाणी दिसायचं नव्हतं. सातवीत शाळा सुटली माझी, पुढचं जे काही आलं ते पुड्यांचे कागद आणि तुझी पाठ्यपुस्तकं वाचून आलं. तुला वाटायचं वहिनीला काही वाटत नाही. वाटायचं ग.

दुसऱ्या दिवशी तू ते यंत्र स्कूटरवर घालून कॉलेज रोडच्या दुकानात नेलंस आणि परत येऊन म्हणालीस, "आतल्या चाकाचे दात गेले. सुटा भाग आता मिळत नाही. नवीनच बघू." मी मनात देवाचे आभार मानले, वाचले म्हणून. आणि तिथून सुरू झालं आपलं हिरवा-निळा.

तू वहीत दोन रकाने आखलेस, कारखान्यातल्या सवयीने. हिरव्याच्या बाजूला लिहिलंस: लहान, आवाज नाही, शोकेसमध्ये मावतो, महिन्याच्या वर्गणीत पुष्कळ खेळ. आणि वाचून दाखवताना शेवटी म्हणालीस, "शिवाय ह्याला फटच नाही. चकती नाही की काही नाही. आत काही जायलाच नको." मी मेथी निवडत होते. माझे हात थांबले. तू वहीतच बघत होतीस.

निळ्याच्या बाजूला एकच ओळ होती. वहिनीचं शेत.

जुन्या यंत्रात चकती जात नसली तरी आपली चार वर्षं त्याच्या पोटात शाबूत होती. जुनं निळ्याच कंपनीचं, म्हणून नव्या निळ्यात ती हलवता येणार होती, हिरव्यात नाही. तू म्हणालीस, "शेत काय, पुन्हा लावू. महिनाभरात उभं करू."

"एकदा सोडलंय मी शेत. पुन्हा नाही सोडायची."

त्यावर तू वही मिटलीस. माझ्याकडे असलं एक वाक्य आहे हे मला माहीत होतं, आणि मी ते बरोबर वेळ बघून काढलं. भांडणात मी अशी आहे. तू माझ्यापेक्षा सरळ भांडायचीस.

तुझं खरं कारण तू वहीत लिहिलंच नाहीस. एकदाच बोललीस, गच्चीवर कपडे वाळत घालताना, चिमटा तोंडात धरून. "हिरव्यावर तो विमान उडवायचा खेळ आहे. खऱ्या जागा दिसतात म्हणे त्यात. ओझरची धावपट्टीसुद्धा." आणि मी काय म्हटलं? "रोज डोक्यावरून जातात तेवढी विमानं पुरे आहेत मला."

तू डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला मान वर करायचीस. भाजी घेत असलीस तरी. "ह्याच्या पोटात माझे रिव्हेट असतील." एकतीस वर्षं विमानाच्या पोटात हात घातलेस आणि विमानात एकदा बसली नाहीस. अमोलने ओझरहून बंगळूरचं तिकीट काढतो म्हटलं तर म्हणालीस, "मागे बसून काय करू? काच तर पुढे असते." आम्ही दोघं हसलो होतो त्यावर. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं.

आता पाडव्याचं. दिवाळी पाडवा, मुहूर्त चांगला, म्हणून आपण दोघी नव्या साड्या नेसून त्याच कॉलेज रोडच्या दुकानात. ते दुकानवाले सोनवणे, पन्नाशीचे, गळ्यात दोरीचा चष्मा. आपल्याला बघून त्यांना काही नवल वाटलं नाही, ह्याबद्दल मला तो माणूस आवडतो. त्यांनी दुकानातल्या हिरव्यावर तुझं विमान लावून दिलं. "बसा ताई, चालवून बघा."

तू स्टुलाच्या कडेवर बसलीस, पर्स मांडीवर. विमान पळालं आणि उठलं. मी तुझ्या शेजारी उभी होते, मी टीव्हीकडे बघतच नव्हते. मी ह्या घरात आले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, मी तुझ्या वेण्या घालायचे आणि तू आरशात स्वतःकडे बघायचीस, वेणी संपली तरी उठायची नाहीस. तोच चेहरा. तोंड किंचित उघडं. मला कळलं कुसुम, त्याच क्षणी कळलं, वर्गणी नाही, शोकेस नाही, हेच आहे. आणि कळल्यावर मला राग आला. का आला ते आजही सांगता येत नाही. माझं चार वर्षांचं शेत होतं आणि तुला उडून जायचं होतं, असं काहीतरी वाटलं असेल.

मग उतरवायची वेळ आली. धावपट्टी डावीकडे राहिली आणि तुझं विमान सरळ शेतात जाऊन आदळलं. मी मोठ्याने हसले. म्हटलं, "बघा हो! एकतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात काढली आणि उतरवलं कुठे, कांद्याच्या वावरात!"

दुकानातली चार गिऱ्हाईकं हसली. सोनवणे हसले नाहीत. तू हसलीस, थोडंसं. तो रिमोट काउंटरवर नीट सरळ ठेवलास, पर्स काखेत घेतलीस आणि म्हणालीस, "वहिनी, निळाच घे. तुझं शेत आहे त्यात."

आणि मी म्हटलं, "बघू. घाई काय आहे?"

हेच ते. हेच मला तुला समजावून सांगायचंय, म्हणून मघापासून इकडचं तिकडचं बोलतेय. तू हरलीस आणि मला जिंकल्याचं काही सुख झालं नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर तू पुन्हा वही काढशील, पुन्हा हिरव्याची बाजू घेशील, मी पुन्हा भांडेन, आणि मग एक दिवस मीच म्हणेन, "बरं बाई, घे तुझं विमान." मोठेपणा मला घ्यायचा होता. मी दिवससुद्धा ठरवला होता, संक्रांतीचा. तिळाची वडी हातावर ठेवायची आणि सांगायचं, चल, हिरवा आणू. तुझा चेहरा कसा होईल ते मी ओट्याशी उभी राहून दहा वेळा बघून ठेवलं होतं. तू मात्र वही काढलीच नाहीस. विमान गेलं तर मान वर करणंही सोडलंस, निदान माझ्यासमोर. मी वाट बघत राहिले तुझ्या भांडणाची.

संक्रांतीला चार दिवस होते. तू चहाचा कप ओट्यावर ठेवलास, "वहिनी, मी जरा टेकते" म्हणालीस. भांडण चाललेलं नव्हतं, तरी टेकते म्हणालीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दवाखान्याचं मी काही बोलत नाही.

पाडव्याला घेतला असता तर दोन महिने मिळाले असते तुला, कुसुम. दोन महिने, रोज. माझ्या मनात हे पुन्हा पुन्हा येतं. लोक म्हणतात, वेळ आली होती. आली असेल. पण दोन महिने तर होते ना मध्ये, आणि ते माझ्या हातात होते.

गेल्या आठवड्यात मी जुनं यंत्र पिशवीत घालून, रिक्षा करून दुकानात गेले. एकटी. सोनवण्यांनी माझ्या मागे बघितलं. "मावशी, ताई कुठे? गाडी लावतायत का?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. गिऱ्हाईक होतं त्याला जरा थांबा म्हटलं आणि मला स्टूल दिलं.

मग म्हणाले, "एक सांगू का? ताईंनी नको म्हटलं होतं, पण आता सांगतो. ते जुनं मशीन मी उघडलं ना, आत तांदूळ निघाले. कुंकू लावलेले."

मी खाली बघितलं. एवढी सत्तरी आलेली बाई, पण शाळेत मास्तरांपुढे उभी असल्यासारखी.

"ताईंनी ते पुडीत बांधून मागितले. म्हणाल्या, वहिनी कधी आली तर हा विषय काढायचा नाही. खेळाच्या मशीनची पूजा करणारी बाई मला दुसरी मिळायची नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तीन महिने तू ब्रशच्या केसाचा दोष स्वतःकडे घेऊन माझ्यासमोर बसत होतीस, आणि मी तुझ्यासमोर "असेल" म्हणून. आणि ते "फटच नाही, आत काही जायलाच नको", ते माझ्याकडे न बघता! आतून हसत होतीस ना? लबाड. इतकी लबाड असशील असं वाटलं नव्हतं. मला चोर करून ठेवलंस आणि माफही करून टाकलंस, दोन्ही मला न विचारता. त्या पुडीचं काय केलंस? तुझ्या लोखंडी डब्यात बघितलं, कपाटात बघितलं. नाही सापडली. आता शोधत नाही. ठेवली असशील कुठेतरी.

सोनवण्यांनी मग हळूच विचारलं, "काय देऊ मावशी? निळा घेतलात तर जुन्यातलं शेत आजच हलवून देतो. जसंच्या तसं येईल. हिरवा घेतलात तर ते ह्या जुन्यातच राहील, आणि जुन्याचा काही भरवसा नाही."

मी त्यांना म्हटलं, पाच मिनिटं द्या.

पाच मिनिटांत काय काय आलं डोळ्यांसमोर. माझे वाफे, अर्धे पाणी घातलेले, अर्धे तुझ्या नावाने बोंब मारत ठेवलेले. तळं. तुझी झोपडी. निळा घेतला तर ती झोपडी रोज दिसणार होती. तुझा गळ, तुझी भांडी, तू पकडून वाळत टाकलेले मासे. फक्त दार बंद. मी रोज शेजारून पाणी घालत गेले असते आणि रोज त्या दाराकडे बघितलं असतं. आणि खरं सांगते, मन तिकडेच ओढत होतं. बंद दार तर बंद दार, तुझं आहे ना. दुसऱ्या बाजूला ते विमान, ज्यातलं मला काही कळत नाही, ज्यात माझं काही नाही.

मी विचार केला, आता तू समोर असतीस तर काय झालं असतं. तू म्हणाली असतीस निळा, मी म्हटलं असतं हिरवा. ह्या वेळी उलट. आणि ह्या वेळी मी वेळ बघून वाक्य काढलं नसतं, सरळ भांडले असते.

"हिरवा द्या," म्हटलं.

"आणि शेत?"

"राहू द्या. मला शेत सोडता येतं."

घरी आणून वायरी मीच जोडल्या. आधी बटण बंद, मग वायर, मग बटण. जुनं यंत्र रुमाल घालून शोकेसमध्ये ठेवलंय, ते कुठे जात नाही. नव्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला हळदीकुंकू लावलं, यंत्राला दुरूनच नमस्कार. अमोलला फोन लावून वर्गणीचं ते सगळं त्याच्याकडून करून घेतलं. तो म्हणाला, "आई, तू विमान चालवणार?" मी म्हटलं, "का? स्वयंपाकाला कुकर चालवते तो काय कमी आवाज करतो?" तो हसला.

तू म्हणाली होतीस ते खरं आहे. ओझरची धावपट्टी दिसते. लांब, राखाडी, दोन्ही बाजूंना शेतं. मी तिथूनच निघाले. वर जायला काही लागत नाही ग, वेग धरला की ते आपोआप उचलतं. पहिल्यांदा जमीन सुटली तेव्हा मी सोफ्याचा हात घट्ट धरला आणि मोठ्याने "कुसुम!" म्हटलं. मग कळलं की खोलीत कोणी नाही. तिथे मला रडू आलं. विमान आपलं आपण तिरकं होत राहिलं, मी रडत राहिले. महिन्यात पहिल्यांदा.

मखमलाबादवरूनही गेले. सगळी चौकोनी ठोकळ्यांची घरं, आपलं वावर कुठे होतं ते ओळखू आलं नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तेवढं नाही वाटलं. वरून बघितलं की नदी दिसते, धरण दिसतं, डोंगर दिसतात, आणि आपले सात मजले शोधावे लागतात. तुला हेच बघायचं होतं का? की आणखी काही? विचारायला हवं होतं मी, गच्चीवर, तू चिमटा तोंडातून काढल्यावर.

उतरवता मात्र येत नाही. आठ दिवस झाले, एकदाही नाही. धावपट्टी समोर दिसते, मग डावीकडे सरकते, मग जमीन धावत अंगावर येते. पहिल्या दिवशी मीही वावरातच आदळले. कोणी हसलं नाही. हसायला कोण होतं? बसून राहिले आणि कळलं की पाडव्याला तू पहिल्याच फेरीत धावपट्टीच्या किती जवळ आली होतीस. फार जवळ होतीस ग. मी हसायला नको होतं. चुकलं माझं. त्या चार माणसांसमोर चुकलं, तर त्या चार माणसांसमोर म्हणायला हवं, पण ती आता कुठे शोधू? तुलाच म्हणते. चुकलं.

आता मी काय करते सांगू? दुपारची भांडी झाली की बसते, ओझरहून विमान वर नेते, धरणावर एक-दोन फेऱ्या मारते. आणि उतरायची वेळ आली की हवेतच बटण बंद करते. आदळलेलं बघवत नाही म्हणून. रोजचं एक विमान मी असं वरच सोडून येते. तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तुझ्या कारखान्यात असं चाललं नसतं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या नावाची घागर भरीन, आंब्याचा रस करीन, सांजोऱ्या तळीन. माहेरवाशिणीला बोलवायचा तो सण, तुला लग्नाचं सासरच नव्हतं, तर आता जिथे गेलीस तेच सासर समजू. पण आखाजीला अजून अडीच महिने आहेत, आणि तेवढं थांबणं मला जमणार नाही. आधीच ये. स्वप्नात ये, नाहीतर आपली अशीच ये, जशी जमेल तशी. भांडायला नको, मी भांडायची नाही. थोडं भांडेन. शेजारी बसून नुसतं सांग, आता डावीकडे, आता कमी कर, आता टेकव.

दुपारी तीनच्या सुमाराला मी धरणाच्या वर असते, एकटीच. लवकर ये.